चयापचय मंदावतो म्हणजे नेमके काय?

‘पूर्वी दगड खाल्ला तरी पचायचा, आता नुसता वास घेतला तरी अंगी लागते,’ असे उद्गार चाळिशी ओलांडलेल्यांकडून आपण सर्वांनीच ऐकले आहेत. त्यामागचे स्पष्टीकरणही ठरलेले असते : वय वाढले, चयापचय मंदावला. १३ ऑगस्ट २०२१ रोजी ‘सायन्स’ या नियतकालिकात हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या ऐंशीहून अधिक सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि या समजुतीला मोठा धक्का बसला. ‘विशीपासून साठीपर्यंत चयापचय बदलतच नाही’ अशा बातम्या आल्या. त्यांच्या पाठोपाठ ‘म्हणजे दोष तुमच्या खाण्याचाच’ असा निवाडाही आला. निबंध महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. परंतु हा निवाडा त्यातून निघतो का, हे तपासून पाहिले पाहिजे.

प्रथम निबंधाचे सामर्थ्य पाहू. त्यात २९ देशांतील ६,४२१ व्यक्तींची मापने एकत्र केली आहेत. सर्वात लहान सहभागी आठ दिवसांचे बालक, तर सर्वात वृद्ध ९५ वर्षांची व्यक्ती. मापनाची पद्धत वर्गात समजावून सांगावी इतकी सुंदर आहे. व्यक्तीला ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन-१८ ही समस्थानिके असलेले पाणी पाजतात. ड्यूटेरियम शरीराबाहेर पडतो तो केवळ पाण्याच्या रूपाने. ऑक्सिजन-१८ मात्र पाणी आणि कार्बन डायऑक्साइड या दोन्ही वाटांनी बाहेर पडतो, म्हणून तो अधिक वेगाने कमी होतो. दोन्ही वेगांतील फरकावरून किती कार्बन डायऑक्साइड तयार झाला ते कळते आणि त्यावरून किती ऊर्जा खर्च झाली ते काढता येते. एक-दोन आठवडे माणूस आपले नेहमीचे आयुष्य जगतो. द्यावे लागतात ते फक्त लघवीचे नमुने. नेथन लिफ्सन यांनी ही युक्ती १९५०च्या दशकात लहान प्राण्यांसाठी शोधली. ऑक्सिजन-१८ अतिशय महाग असल्यामुळे माणसांवर ती वापरायला १९८२ साल उजाडावे लागले.

दुसरा प्रश्न तुलनेचा. मोठे शरीर अधिक ऊर्जा खर्च करणारच. मग एकूण खर्चाला वजनाने भागावे का? तसे केले तर फसगत होते, कारण शरीरातील प्रत्येक किलो सारखा नसतो. विश्रांतीच्या अवस्थेत एक किलो चरबी दिवसाला सुमारे ४.५ किलोकॅलरी खर्च करते, एक किलो स्नायू सुमारे १३, एक किलो मेंदू सुमारे २४०, तर हृदय व मूत्रपिंडे किलोमागे सुमारे ४४० किलोकॅलरी. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले होते. उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणूनच पाँट्झर गटाने तुलना केली ती चरबी आणि चरबीविरहित वस्तुमान दोन्ही हिशेबात धरून, आणि ते योग्यच आहे.

या हिशेबाने आयुष्याचे चार टप्पे दिसले. जन्मानंतर ऊर्जाखर्च झपाट्याने वाढतो आणि एक वर्षाच्या सुमारास प्रौढांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक होतो. पुढे विशीपर्यंत तो हळूहळू उतरतो. वीस ते साठ या काळात तो स्थिर राहतो, गरोदरपणातसुद्धा. साठीनंतर तो वर्षाला सुमारे ०.७ टक्के या गतीने घटतो. स्त्री व पुरुष यांच्यातही, शरीररचना हिशेबात घेतल्यावर, फरक उरत नाही.

आता बातम्यांनी गाळलेला भाग. पहिली गोष्ट, साठीचा हा आकडा दिवसभराच्या एकूण खर्चाचा आहे. मूलभूत चयापचयाचा, म्हणजे स्वस्थ पडून असताना होणाऱ्या खर्चाचा, उतार याच निबंधात ४६ वर्षांच्या सुमारास सुरू होताना दिसतो. ४५ ते ६५ या वयाची अशी मापने थोडी असल्याने हा आकडा नेमका नाही, असे लेखक स्वतःच सांगतात. पण ‘साठीपर्यंत काहीच बदलत नाही’ हे विधान तेवढ्या ठामपणे करता येत नाही, एवढे निश्चित.

दुसरी गोष्ट, हा एकाच माणसाचा चाळीस वर्षांचा पाठपुरावा नाही. वेगवेगळ्या वयांची वेगवेगळी माणसे शेजारी उभी केली आहेत. पिढ्यांमध्येच फरक असेल तर अशा तुलनेत तो वयाच्या परिणामात मिसळून जातो. ही शंका केवळ तात्त्विक नाही. २०२३ साली ‘नेचर मेटाबॉलिझम’मधील निबंधाने दाखवले, की अमेरिका व युरोपातील प्रौढांचा ऊर्जाखर्च सुमारे तीन दशकांत घटला आहे, आणि ही घट हालचालीतील नसून मूलभूत खर्चातील आहे.

तिसरी गोष्ट, सरासरी स्थिर असली तरी व्यक्ती-व्यक्तींतील फरक मोठा आहे. वय, लिंग आणि शरीररचना हिशेबात धरूनही काहींचा खर्च अपेक्षेपेक्षा २० टक्क्यांहून अधिक वर वा खाली आढळला.

मात्र मुख्य आक्षेप यापेक्षा साधा आहे आणि तो फळ्यावर मांडता येतो. समजा, एखाद्याच्या अंगावर वीस वर्षांत दहा किलो चरबी चढली, म्हणजे दर दोन वर्षांना एक किलो. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठतात. ७३० दिवसांनी भागा : रोजची शिल्लक साडेदहा किलोकॅलरी, अर्धा चमचा साखरेएवढी! दिवसाचा खर्च २,४०० किलोकॅलरी धरला, तर ही शिल्लक त्याच्या अर्धा टक्कादेखील नाही. समस्थानिकांच्या पद्धतीत एका व्यक्तीच्या मापनात पाच टक्क्यांची, म्हणजे १२० किलोकॅलरींची चूक सहज संभवते. हजारो मापनांची सरासरी घेतल्यावर ही चूक बरीच कमी होते; तरी अर्ध्या टक्क्याचा फरक पकडण्याचा दावा या निबंधात कोणी केलेला नाही. वजन वाढले की खर्चही वाढतो, त्यामुळे खाणेही वाढल्याशिवाय ते टिकत नाही हे खरे. पण सुरुवात जमेच्या बाजूने झाली की खर्चाच्या, हे या आकड्यांवरून ठरत नाही. शिवाय लोकांचे खाणे या निबंधात मोजलेलेच नाही. चयापचयावरील मोठा आरोप फेटाळला गेला, एवढे मान्य. पण म्हणून ‘दोष खाण्याचा’ हे सिद्ध झाले नाही. एक आरोपी सुटला म्हणून शेजारी उभा असलेला गुन्हेगार ठरत नाही.

व्यायामाबाबतही असाच गोंधळ आहे. ‘स्नायू कमवा, मग झोपेतही चरबी जळेल’ असे व्यायामशाळांच्या जाहिराती सांगतात. वरचा आकडा आठवा : एक किलो स्नायू वाढला तर विश्रांतीच्या खर्चात भर पडते १३ किलोकॅलरींची. पाच ग्रॅम साखर २० देते. टांझानियातील हाद्झा लोक शिकार व कंदमुळे यांसाठी रोज मैलोगणती चालतात. पाँट्झर यांनी २०१२ साली त्यांच्यातील तीस प्रौढांचा ऊर्जाखर्च मोजला. शरीराचा आकार हिशेबात घेतल्यावर तो अमेरिका-युरोपातील बैठ्या लोकांएवढाच निघाला. शरीर दुसरीकडे काटकसर करते, असे त्यांचे म्हणणे आहे. ते किती व्यापक आहे यावर वाद आहे.

यावरून ‘मग व्यायाम कशाला?’ असे कोणी विचारील तर तीही चूकच. बोस्टनच्या मारिया फियाटारोन यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नव्वदीच्या आसपासच्या नऊ अशक्त वृद्धांनी आठ आठवडे वजनाचा व्यायाम पूर्ण केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीचे स्नायू नऊ टक्क्यांनी वाढले. याचे मोल किलोकॅलरींत होत नाही. आधाराशिवाय खुर्चीतून उठता येणे, तोल गेल्यावर सावरता येणे, हे ते मोल आहे.

वर्गात हा विषय निघाला तर ‘मंदावतो’ किंवा ‘मंदावत नाही’ असे उत्तर देण्याची घाई करू नये. आधी तीन प्रश्न विचारायला शिकवावे : काय मोजले? कशाच्या तुलनेत मोजले? आणि ज्याबद्दल बोलतो आहोत तो फरक त्या मोजपट्टीला दिसण्याजोगा आहे का? पाँट्झर गटाचा निबंध पहिल्या दोन प्रश्नांना चोख उत्तर देतो. तिसऱ्यापुढे तो थांबतो, आणि आपणही तेथेच थांबले पाहिजे. वर्गातल्या जाड मुलाला किंवा शिक्षकांच्या खोलीतल्या सहकाऱ्याला ‘खातोस जास्त, दुसरे काय!’ असे म्हणण्याचा अधिकार हा निबंध आपल्याला देत नाही.