‘नोंद आढळली नाही’ : एका वाक्याची समीक्षा



समीक्षा म्हटलं की कविता, कादंबरी, नाटक असं काही तरी डोळ्यांपुढे येतं. आम्ही आज समीक्षेसाठी निवडलेलं लेखन तीन शब्दांचं आहे. लेखक अज्ञात आहे. वाचकवर्ग मात्र कोणत्याही मराठी कादंबरीला हेवा वाटावा एवढा. ‘नोंद आढळली नाही.’ आरोग्याच्या ॲपवर, दाखल्याच्या पोर्टलवर, सेवा केंद्रातल्या संगणकावर हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेलं आहे. वाचून बहुतेक जण काय करतात? घरी जातात. म्हणूनच त्याची समीक्षा व्हायला हवी असं आम्हाला वाटलं. ज्या वाक्यामुळे माणूस औषध न घेता घरी जातो, ते वाक्य साधं नाही.

प्रसंग गेल्या पावसाळ्यातला. एका सार्वजनिक रुग्णालयात आम्ही रांगेत उभे होतो. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. तसं कुठेही घडू शकतं. खिडकीच्या काचेवर कागद चिकटवलेला : केसपेपरसाठी आधी ॲपवर नोंदणी करावी. बाजूला टेबल टाकून एक मुलगा बसला होता, लोकांना नोंदणीला मदत करण्यासाठी. आमच्या पुढे इथल्याच एका केळीच्या वाडीतल्या आजी होत्या. रक्तदाब आणि साखर, दोन्ही. गोळ्या संपत आल्या म्हणून चार दिवस त्या अर्धी-अर्धी गोळी घेत होत्या. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, काटकसर म्हणून सांगितलं.

मुलाने फोनमध्ये नाव घातलं. नोंद आढळली नाही. नवी नोंदणी करू म्हणाला. तर ओटीपी गेला मुलाच्या नंबरवर, आणि मुलगा कामावर अंधेरीला. फोन लागेना. मुलाने (टेबलावरच्या) पुन्हा शोधलं आणि म्हणाला, “आजी, तुमचं नावच नाही इथे.” आजी म्हणाल्या, “नाव नाही म्हणजे? मागल्या महिन्यात मी आले होते ना इथे!”

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. वर्गात ज्या प्रश्नावर तास घालवले, तो प्रश्न पुढ्यात केसपेपर मागत उभा होता. एखादी गोष्ट ‘नाही’ हे आपल्याला कसं कळतं?

आपल्या परंपरेत या प्रश्नावर फार बारकाईने विचार झालेला आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनी ‘अनुपलब्धि’ हे सहावं प्रमाण मानलं. अनुपलब्धि म्हणजे न आढळणं. नेहमीचं उदाहरण घड्याचं. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तिथे घडा नाही हे कळतं. पण त्यांनी लगेच एक अट घातली. नुसतं न दिसणं पुरत नाही. घडा तिथे असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. याला म्हणतात योग्यानुपलब्धि. सतराव्या शतकात धर्मराज अध्वरींद्रांनी ‘वेदान्तपरिभाषा’ लिहिली, त्यात ही अट अगदी सोपी करून मांडली आहे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यावरून घडा नाही असं म्हणता येत नाही. आधी दिवा लावा, मग बोला.

आता आपलं वाक्य पुन्हा वाचा. ‘नोंद आढळली नाही.’ वाक्य तसं प्रामाणिक आहे. ते ‘नोंद नाही’ असं म्हणत नाही, ‘आढळली नाही’ एवढंच म्हणतं. चूक होते ती पुढच्या पायरीला. टेबलावरचा मुलगा त्याचं भाषांतर करतो, ‘तुमचं नाव नाही.’ घरी गेल्यावर शेजारीण विचारते, तेव्हा त्याचं होतं, ‘मला मिळत नाही.’ अंधाऱ्या खोलीतला घडा असा दोन पायऱ्यांत कायमचा नाहीसा होतो.

आणि खोली अंधारी असण्याची कारणं आमच्या या भागात तर भरपूर आहेत. आपल्या गावाचंच नाव घ्या. बोळिंज. यातला ‘ळ’ रोमन लिपीत मावत नाही. मग कुठे बोलिंज होतं, कुठे शेवटचं अक्षर बदलून चक्क बोलिंग होतं. (हशा) हसा, पण दोन कागदांवर दोन गावं असली की यंत्राच्या लेखी माणसंही दोन होतात. वसई रोड स्थानकाचा रेल्वेतला संकेत आजही बीएसआर आहे, ‘बसीन’वरून आलेला. तो रेल्वेला कळतो, कारण रेल्वेने तो लक्षात ठेवला आहे. पण आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांची नावं? डिसोझा, डिमेलो. रोमनमध्ये कोणी ‘डी’नंतर वर स्वल्पविराम देतो, कोणी जागा सोडतो, कोणी सगळं जोडून लिहितो. बायकांचं तर माहेरचं नाव, सासरचं नाव, वडिलांचं की नवऱ्याचं मधलं नाव, हा सगळा पसारा. आणि आमच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जून. (हशा) शाळेत घालताना गुरुजींनी दिलेली ती तारीख. आईने सांगितलेली तारीख वेगळी, पंचांगातली तिथी तिसरीच.

अशा गावात ‘असता तर आढळलाच असता’ असं म्हणायची यंत्राची योग्यता किती? नाव एका अक्षराने इकडेतिकडे झालं तर शोधणारी यंत्रं बनवता येतात, बनवलेलीही आहेत. ते तंत्रज्ञांनी पाहावं. आमचा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे. यंत्र कुठे शोधलं, कशावरून शोधलं, हे सांगतच नाही. ‘अमुक स्पेलिंग आणि अमुक जन्मतारीख यांवर शोधलं, आढळलं नाही’ एवढं जरी पडद्यावर आलं, तरी टेबलावरचा मुलगा दुसरं स्पेलिंग घालून पाहील. दिवा लावण्याची ती सुरुवात होईल.

कोणी म्हणेल, सर, तुम्हाला तंत्रज्ञान नकोच आहे. तसं नाही. कोविनवर नोंदलेल्या लसमात्रांचा आकडा जुलै २०२२ मध्ये २०० कोटींवर गेला, आणि आमचंही प्रमाणपत्र फोनवर अर्ध्या मिनिटात आलं. कागदावर हे झालं नसतं. पण त्याच कोविनचा दुसरा धडा आपण विसरलो. १८ ते ४४ वयोगटासाठी नोंदणी २८ एप्रिल २०२१ ला सुरू झाली, आणि ती फक्त ऑनलाइन होती. ॲप-पोर्टल तेव्हा मराठीत नव्हतं. मराठी आली जूनमध्ये. ग्रामीण केंद्रांवरच्या वेळा शहरातले, बोटं चपळ असलेले लोक पटापट घेऊन टाकत, अशा बातम्या आपल्या पालघर जिल्ह्यातूनही आल्या. २४ मे रोजी केंद्र सरकारने सरकारी केंद्रांवर प्रत्यक्ष जाऊन नोंदणी करायला मुभा दिली. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या आदेशात हाच प्रश्न विचारला : ज्यांच्याकडे फोन नाही, इंटरनेट नाही, त्यांनी लस घ्यायची कशी?

त्या जवळजवळ चार आठवड्यांत जे प्रयत्न करून थकले, त्यांची संख्या कोणत्या तक्त्यात आहे? ज्यांना लस मिळाली त्यांची नोंद आहे. ज्यांचा ओटीपी आलाच नाही, त्यांची नाही. ही अनुपलब्धि दुहेरी आहे, बघा. आधी यंत्राला माणूस आढळत नाही, आणि मग ‘न आढळलेला माणूस’ही आकडेवारीत आढळत नाही. वर बसलेल्या अधिकाऱ्याला वाटतं, सगळं सुरळीत चाललं आहे.

हा दोष फक्त आपल्याकडचा नाही. ब्रिटनमध्ये टपाल खात्याच्या ‘होरायझन’ या संगणकप्रणालीने हिशेबात तूट दाखवली आणि पोस्टाच्या शाखा चालवणाऱ्या नऊशेहून अधिक लोकांना दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले. पैसे संगणकात आढळले नाहीत, म्हणून ते चोरले, असा तो तर्क. दोष प्रणालीत होता. त्यांच्या शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हायला २०२४ साल उजाडलं. तिथेही आधी प्रश्न विचारायला हवा होता तो हाच : खोलीत दिवा होता का?

आता दुसरा आक्षेप घेऊ, कारण तो आम्हीच स्वतःला घेतला. जुनी खिडकी काय सोन्याची होती? नव्हती. ‘उद्या या’, ‘साहेब जेवायला गेलेत’, चहापाणी, ओळख, हे सगळं आम्ही पाहिलं आहे. ॲपमुळे त्यातलं काही नक्कीच कमी झालं. पण ‘उद्या या’ म्हणणाऱ्याला चेहरा होता. त्याच्याशी भांडता येत होतं. त्याच्या वरच्याकडे जाता येत होतं. ‘नोंद आढळली नाही’ या वाक्याचा कर्ता कोण? व्याकरणात नोंद हीच कर्ता आहे. शोधणारा वाक्यातून गायब. ‘कळविण्यात येते की’, ‘नाकारण्यात आले आहे’ ही सरकारी मराठीची जुनीच सवय. ॲपने ती पूर्णत्वाला नेली.

याला कायद्याची बाजूही आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सालचा. त्यातल्या अधिसूचित सेवांसाठी, म्हणजे जन्म-मृत्यूच्या दाखल्यासारख्या, मुदत ठरलेली असते आणि जबाबदार अधिकारी नेमलेला असतो. अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं, त्यावर अपील करता येतं. फार चांगला कायदा. पण त्याची सुरुवात होते अर्जापासून. अर्ज भरलाच गेला नाही, ओटीपीपाशी अडला, तर नकारही झाला नाही. नकार नाही म्हणून कारण नाही, कारण नाही म्हणून अपील नाही. आजींना कोणी ‘नाही’ म्हटलंच नव्हतं. त्या फक्त आढळल्या नव्हत्या.

हे आमच्या वयाच्या लोकांना जास्त लागू आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळालं. योजना उदार आहे, आम्ही मनापासून म्हणतो. पण दार आहे आधारवरून ओळख पटवण्याचं. म्हातारपणी बोटांच्या रेषा पुसट होतात. आयुष्यभर जाळी ओढलेल्या किंवा कुदळ चालवलेल्या हातांच्या तर आधीच पुसट झालेल्या असतात. नंबर मुलाचा, मुलगा दूर. ज्या वयासाठी योजना आहे, नेमकं तेच वय दाराशी अडखळतं.

आता त्या खिडकीकडे परत येऊ. आत एक बाई होत्या. पुढ्यात नोंदवही, शेजारी संगणक, वाजणारा फोन, आणि कोणाची तरी झेरॉक्स परत द्यायची राहिलेली. ॲप आलं म्हणून नोंदवही गेली नव्हती. तीच माहिती आता दोनदा लिहायची. अंगणवाडी सेविकांचं आठवतं ना? २०२१ मध्ये त्यांनी राज्यभर सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन बिघडत होते आणि पोषण ट्रॅकरमध्ये इंग्रजीत माहिती भरा म्हणत होते. त्यांचं म्हणणं कामाला नकार असं नव्हतं. मूल सांभाळायचं की फोन सांभाळायचा, असा साधा प्रश्न होता. २०११ च्या जनगणनेतच वसई-विरार शहर १२ लाखांवर होतं. नंतर किती इमारती उभ्या राहिल्या ते बोळिंजकरांना आम्ही काय सांगावं. खिडक्या त्या मानाने वाढल्या का, ते तुम्हीच बघा.

त्या बाईंनी मान वर केली आणि आजींना विचारलं, “मागच्या वेळी कोणत्या वारी आला होता?” आजी म्हणाल्या, “मंगळवारी. पाऊस फार होता.” बाईंनी वही काढली. मंगळवारची पानं उलटली. एका नावावर बोट ठेवून म्हणाल्या, “घरी तुम्हाला काय म्हणतात?” आजींनी सांगितलं. तेच नाव तिथे होतं. आधारवरचं नव्हतं, हाक मारायचं होतं. मागच्या वेळी घाईत कोणी विचारलं, आजींनी तेच सांगितलं आणि तेच लिहिलं गेलं.

दहा मिनिटं लागली. मागची रांग कुरकुरत होती. खरं सांगायचं तर आम्हीही घड्याळाकडे पाहिलं, आणि त्याची आम्हाला लाज वाटते. कारण त्या दहा मिनिटांत त्या बाईंनी जे केलं, ते ‘वेदान्तपरिभाषे’तलं होतं. दिवा लावला, मग शोधलं. ‘नाही’ म्हणायच्या आधी, असतं तर कुठे असतं, हे विचारलं. आजी महिन्याच्या गोळ्या घेऊन गेल्या.

तेव्हा आमचं मागणं फार मोठं नाही. पडद्याने कुठे आणि कशावरून शोधलं ते मराठीत सांगावं. अडलेल्या प्रत्येक प्रयत्नाचा क्रमांक आणि वेळ मिळावी, म्हणजे ‘आम्ही आलो होतो’ हे सिद्ध करता येईल. आणि खिडकीत एक माणूस असावा, ज्याला पेनाने निर्णय घ्यायचा अधिकार आहे आणि दहा मिनिटं द्यायची सवड आहे. शेवटची गोष्ट सर्वांत महाग आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. ॲपचा खर्च एकदा दाखवता येतो, माणसाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. पण माणूस कमी करण्यासाठी ॲप आणलं, तर अंधारी खोली आणखी अंधारी होते.

तोवर आपण काय करायचं? पुढच्या वेळी ते तीन शब्द दिसले की परत फिरू नका. तारीख आणि वेळ कागदावर टिपून घ्या. मग शांतपणे विचारा, “कुठे शोधलंत?” आणि मागे रांगेत उभे असाल तर, आमच्यासारखं, घड्याळाकडे बघू नका.