शाप की वरदान?

शालेय निबंधाइतका सुरक्षित साहित्यप्रकार मराठीत दुसरा नसेल. विषय विज्ञान असो, युद्ध असो वा पृथ्वीचे वाढते तापमान असो. आमचा विद्यार्थी आधी शाप सांगतो, मग वरदान सांगतो आणि शेवटी 'सारे माणसाच्याच हाती आहे' असे म्हणून लेखणी खाली ठेवतो. दहापैकी आठ गुण! गेली वीस वर्षे मी असे निबंध तपासतो आहे आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा या प्रकाराची समीक्षा करण्याचा थोडासा अधिकार मला असावा.

या निबंधांची भाषा पुष्कळदा गोड असते. मात्र लिहिणारा त्यात कोठेच सापडत नाही. जगाविषयी बोलायचे म्हणजे जगाएवढे मोठे शब्द वापरायचे, ही समजूत आपणच त्याला करून दिली आहे.

याच्या शेजारी एक जुना निबंध ठेवून पाहावा. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. जोतीराव फुल्यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी ही मुलगी तेव्हा अवघी चौदा वर्षांची. ती धर्मासारख्या प्रचंड विषयावर बोलते. पण डोक्यावर छप्पर नसलेल्या बाळंतिणीला थंडीपावसात काय सोसावे लागते, हेही ती सांगते. ग्रंथ वाचण्याचा अधिकारच नाही, तर आमचा धर्म कोणता, असा तिचा रोकडा सवाल आहे. 

परंतु आपले दुःख सांगता आले की मत तयार झाले, असेही नाही. पुढची पायरी तिच्या गुरूंनी दाखविली. १८७३ च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका अमेरिकेतील सज्जनांना आहे; त्यांनी तेथील गुलामांना मुक्त केले म्हणून. अमेरिका कधीही न पाहिलेल्या जोतीरावांना तिकडची बेडी ओळखता आली, कारण इथली त्यांनी रोज पाहिली होती.

माझ्या वर्गातील एका मुलीने तापमानवाढीवर लिहिताना अवकाळी पावसात गेलेल्या घरच्या द्राक्षांचा हिशेब मांडला आणि विचारले, 'ज्यांनी धूर केला त्यांनी भरपाई का देऊ नये?' मी तिला दोन प्रश्न दिले. कोणत्या देशाने किती धूर केला? आणि आपल्याकडची बरीचशी वीज कोळशाचीच, त्याचे काय? शोध घेताना तिला कळले, की अशा नुकसानीसाठी दुर्बल देशांना साहाय्य करणारा निधी उभारण्याचे २०२२ साली शर्म-अल-शेखच्या परिषदेत ठरले होते. तिने वहीत लिहिले, 'साहाय्य म्हणजे उपकार, भरपाई म्हणजे हक्क.' श्रीमंत देशांच्या प्रतिनिधींना नेमका हाच फरक टाळायचा होता! घरच्या विजेविषयी मात्र तिने आपल्याच विरुद्ध अर्धे पान लिहिले. त्या अर्ध्या पानाला मी सर्वांत जास्त गुण दिले.

सुट्टीत फराळाच्या ताटाभोवती युद्धांच्या नि निवडणुकांच्या गप्पा रंगतील. एखादे पोर मध्येच तोंड घालील. त्याला 'तुला काय कळते?' म्हणू नये. घाईने शाबासकीही देऊ नये. 'कशावरून?' एवढेच विचारावे. आणि तोच प्रश्न त्याने आपल्याला उलट विचारला, तर उत्तराची तयारी ठेवावी.