छपराला उतार कशासाठी?

‘शास्त्रीय कारणे द्या’ या प्रश्नाखाली एक विधान पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहे : ‘बर्फाळ प्रदेशात घरांची छपरे उतरती असतात.’ उत्तरही ठरलेले आहे. बर्फ साचू नये, घसरून खाली पडावा, म्हणून. भंडारा जिल्ह्यातल्या मुलांना बर्फ ठाऊक असतो तो गोळेवाल्याच्या गाडीवरचा किंवा अवकाळी गारांचा. तरी हे उत्तर त्यांना तोंडपाठ असते. आमची तक्रार मुलांबद्दल नाही, आणि विधान सपशेल चूक आहे असेही आम्ही म्हणत नाही. एका परिणामाला एकच कारण चिकटवून मोकळे होण्याची जी सवय या प्रश्नातून लागते, तिच्याबद्दल आमची तक्रार आहे.

आधी बर्फाळ प्रदेशच पाहू. जपानमधील शिराकावा-गो या गावातल्या गवती छपरांचा उतार ६० अंशांच्या आसपास असतो. तिथे आपले उत्तर चपखल बसते. पण आल्प्स पर्वतातल्या कित्येक जुन्या लाकडी घरांची छपरे बेताच्याच उताराची आहेत. लाकडी फळ्यांचे तुकडे नुसते एकावर एक मांडायचे आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड ठेवायचे, अशी ती पद्धत. उतार वाढवला तर दगडच घसरतील! शिवाय छपरावर टिकलेला बर्फ घोंगडीसारखा उपयोगी पडतो. त्याच्या कणांमध्ये अडकलेली हवा घरातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. लडाखमधील लेहला तर परंपरागत घरांची छपरे चक्क सपाट असतात. तिथे वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडते. जो थोडा बर्फ साचतो तो फावड्याने ढकलून देतात आणि त्याच छपरावर चारा वाळवतात. तीन बर्फाळ प्रदेश आणि तीन तऱ्हेची छपरे. मग ‘बर्फाळ प्रदेशात छपरे उतरती असतात’ या वाक्याचे काय करायचे?

आता भंडाऱ्यात या. साकोली, लाखांदूर, पवनी, कुठल्याही जुन्या गावात कवेलूंची उतरती छपरे दिसतात. बर्फ कधीच पडत नाही, पण पाऊस मात्र वर्षाला सरासरी सुमारे १३०० मिलिमीटर, म्हणजे लेहच्या तेरापट, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. कवेलू एकमेकांवर सैल मांडलेली असतात, त्यांच्या फटी बुजवलेल्या नसतात. पाणी फटीत शिरण्याआधी वाहून गेले पाहिजे, म्हणून उतार. तो फार कमी झाला तर घर गळते, फार वाढला तर कवेलूच घसरतात. एखाद्या चौकस मुलाने वर्गात विचारले, ‘गुरुजी, आपल्याकडे बर्फ नाही, मग आपली छपरे उतरती का?’ तर तो प्रश्न पाठ्यपुस्तकातल्या उत्तरापेक्षा अधिक शास्त्रीय आहे.

खरे तर छपराबद्दल तीन प्रश्न विचारायला हवेत. त्याच्यावर कोणते बल येते? कोणत्या दिशेने? आणि किती? आपल्या ठरलेल्या उत्तरात ‘किती’ला जागाच नाही. उदाहरणादाखल गाडी ठेवण्यासाठी स्वतः बांधलेले ३ मीटर रुंद, ५ मीटर लांब असे एक शेड घेऊ. क्षेत्रफळ १५ चौरस मीटर.

हे शेड हिमप्रदेशात आहे असे समजा. ताज्या भुसभुशीत हिमाची घनता घनमीटरला १०० किलो किंवा त्याहूनही कमी असते. दबून बसल्यावर ती ३०० किलोपर्यंत जाते. असे दबलेले हिम जमिनीवर एक मीटर साचले, तर प्रत्येक चौरस मीटरवर ३०० किलो भार झाला. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ८७५ या संहितेच्या चौथ्या भागात (१९८७) साध्या छपरासाठी या भाराचा ०.८ पट हिस्सा धरायला सांगितला होता, आणि छपराचा उतार ३० अंश होईपर्यंत त्यात काहीच सूट नव्हती. ४५ अंशांना तो निम्मा होतो आणि ६० अंशांना शून्य. म्हणजे ‘उतार दिला की बर्फ घसरतो’ हे सरसकट खरे नाही. कमी उताराच्या आपल्या शेडवर ३०० × ०.८ × १५ म्हणजे ३६०० किलो भार खालच्या दिशेने येईल. हा हिशेब चुकला तर काय होते ते पोलंडमधील काटोवित्से येथे दिसले. २८ जानेवारी २००६ रोजी तिथल्या प्रदर्शनगृहाचे छत साचलेल्या बर्फाखाली कोसळले आणि ६५ माणसे दगावली.

तेच शेड टिनाचे पत्रे टाकून भंडाऱ्यात उभे करा. बर्फाचा भार शून्य. मग निश्चिंत व्हायचे का? उन्हाळ्याच्या अखेरीस येणारी वावटळ आणि वादळी पाऊस आठवा. वाऱ्याचा दाब काढण्याचे सूत्र सोपे आहे : वेगाचा (मीटर प्रतिसेकंद) वर्ग गुणिले ०.६, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. ताशी सुमारे ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २२ मीटर वेगाला हा दाब २९० न्यूटन, अर्थात चौरस मीटरला जवळजवळ ३० किलो येतो. पत्र्याच्या कडेशी वाऱ्याचा प्रवाह छपरापासून सुटतो आणि वर ओढ निर्माण होते. शेड पुढून उघडे असेल तर आत कोंडलेली हवा खालूनही रेटते. ठोकळमानाने वरच्या दिशेची ही ओढ दाबाइतकी धरली तर १५ चौरस मीटरला ती सुमारे ४४० किलो होते. पत्र्यांचे स्वतःचे वजन चौरस मीटरला ५ किलो, म्हणजे अवघे ७५ किलो!

इथे बलाची दिशाच उलटी झाली. हिमप्रदेशातल्या शेडला ‘मी खचेन का?’ असे विचारायचे असते. आपल्या शेडला ‘मी उडेन का?’ असे. जुन्या कवेलूंच्या छपराला हा प्रश्न एवढा छळत नव्हता. ते पत्र्याच्या कितीतरी पट जड होते आणि फटींतून हवा जाऊ शकत असल्याने आतला-बाहेरचा दाब बराचसा समान होई. कवेलू काढून टिन टाकले तेव्हा गळती थांबली, दरवर्षी कवेलू फेरण्याचा त्रास वाचला. पण छपराचे गणितही बदलले, आणि ते आपण मुलांना सांगितलेच नाही.

त्यावर गावोगाव केलेला उपाय म्हणजे पत्र्यावर ठेवलेले दगड. दहा-दहा किलोचे दहा दगड ठेवले तरी १०० किलोच होतात. ४४० किलोंच्या ओढीपुढे ते अपुरे. आणि पत्रा उचलला गेला की तेच दगड खाली झोपलेल्या माणसांवर येतात. आल्प्समधल्या दगडाखाली निदान जाड लाकडाचे छप्पर असते. खरा उपाय बांधून ठेवण्याचा आहे. पत्रे आडव्या पाइपांना हुकच्या बोल्टने आवळायचे, कडांना आणि कोपऱ्यांना बोल्ट अधिक जवळ घ्यायचे, कारण ओढ तिथेच सर्वांत जास्त असते. पाइप खांबांना आणि खांब जमिनीतल्या काँक्रीटला जोडायचे. ३० सेंमी लांब-रुंद आणि ६० सेंमी खोल खड्ड्यातले काँक्रीट सुमारे १३० किलो भरते. असे चार खांब म्हणजे ५२० किलो. मात्र संहितेत नागपूरसाठी आराखड्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे. वेग दुप्पट म्हणजे ओढ चौपट, सुमारे १७७० किलो! तेव्हा प्रत्येक खांबाखाली ४०० किलोंच्या आसपास काँक्रीट हवे.

शिक्षकांना आमची सूचना साधी आहे. कोनमापक आणि ओळंबा घेऊन मुलांना गावातल्या दहा छपरांचे उतार मोजू द्या. कवेलू, टिन आणि स्लॅब यांची नोंद वेगळी करू द्या. पत्र्यावरचे दगड मोजून त्यांच्या वजनाचा अंदाज करू द्या आणि २२ मीटर वेगाचे वरचे गणित प्रत्येकाने आपल्या घराला लावून पाहू द्या. परीक्षेत बर्फाच्या उत्तराला दोन गुण खुशाल द्या. पण वादळाचे दिवस सुरू होण्यापूर्वी एखाद्या मुलाने घरी जाऊन दगड उतरवायला आणि बोल्ट आवळायला लावले, तर त्या वर्गात विज्ञान शिकवले गेले असे आम्ही म्हणू.