फोंताइनेशचा रंग, मालवणची शाकारणी

पणजीचं फोंताइनेश आपण पाहिलंय, निदान फोटोत तरी. आल्तिनोची टेकडी आणि उरेंची खाडी यांच्यामधल्या अरुंद गल्ल्या, पिवळी-निळी-तांबडी घरं. जाता जाता सांगतो, पर्यटकांना ते 'युनेस्कोचं' म्हणून दाखवतात. पण जागतिक वारसा यादीत १९८६ साली गेली ती जुन्या गोव्यातली चर्च आणि मठ. फोंताइनेशला संरक्षण आहे ते गोव्याच्या नगरनियोजनातलं, संवर्धन क्षेत्र म्हणून. त्यानं उंचीला आणि दर्शनी भागाला लगाम घातला, हे श्रेय द्यायलाच हवं.

आमचा आक्षेप वेगळा आहे. हे संरक्षण रस्त्यावरून दिसतं तेवढ्याच घराचं आहे. आपल्यासारखीच तिथली भिंतही चिऱ्याची. चिरा पाणी पितो आणि सोडतो. म्हणून त्याच्यावर चुन्याचा गिलावा, आणि चुन्यातच नीळ नाहीतर काव कालवून पावसाळ्यानंतर एक हात. आता बघा, त्याच छटेचा प्लास्टिक रंग सिमेंटच्या गिलाव्यावर दिला तर फोटोत काही कळत नाही. भिंतीला मात्र कळतं. आतली ओल बाहेर पडत नाही, क्षार फुलतात, पोपडे सुटतात, आणि ओल चढत चढत तुळईच्या टोकापर्यंत जाते. छटा तपासणाऱ्याला हे दिसणार कसं?

आणि मालकी! खरं दुखणं तिथे आहे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा-मुलगी समान हिस्सेदार, तत्त्व उत्तमच. आपल्याकडे सामायिक घर, आणि निम्मे हिस्सेदार गिरगावात नाहीतर डोंबिवलीत. विकायला सगळ्यांच्या सह्या लागतात, म्हणून घर वाचतं. पण कौलं परतायला पैसे काढायचे म्हटले की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघतो. एक वासा कुजला की दोन पावसांत कोपरा खाली. घर कुणी पाडलेलं नसतं, नियम कुणी मोडलेला नसतो. काय करू नये हे नियमात लिहिलेलं असतं. करायचं कुणी, ते नसतं.

२०२५ च्या जुलैत समोरचा सिंधुदुर्ग बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक यादीत गेला. आता किनाऱ्यावरच्या कौलारू घरांचंही 'फोंताइनेश करूया' म्हणणारे भेटतील. होमस्टेला आमचा विरोध नाही. पाहुणा झोपतो त्या खोलीचं छप्पर कुणी गळू देत नाही. पण मागची पडवी, जिथे म्हातारी एकटी राहते, तिचं काय? मालवणात अशी यादी करायला घेतली, तर उंची आणि रंग यांच्या रकान्यांशेजारी आणखी दोन रकाने आखा: शेवटची शाकारणी कधी झाली, आणि पैसे कुणी दिले.