ढिगातलं पोलाद

भंगाराच्या दुकानात मालाची प्रतवारी फार बारकाईनं होते. तांबं वेगळं, पितळ वेगळं, जर्मनची भांडी वेगळी, बीड वेगळं, पत्रा वेगळा. ही बारकाई ‘लोखंड’ नावाच्या ढिगापाशी येऊन थांबते. ट्रकचा मोडका पाटा, कुंपणाचा अँगल, स्लॅबमधून निघालेली सळई, ट्रॅक्टरचं बेअरिंग, झिजलेली कानस, सगळं एकाच काट्यावर आणि एकाच भावानं. घरामागे हौसेची लहानशी भट्टी मांडलेल्या माणसाला लोहारकामातला सगळ्यांत रसाळ भाग इथेच भेटतो, आग पेटण्याच्याही आधी. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात तो विशेष भेटतो, कारण इथल्या ढिगात शेतीचं, जिनिंगचं, बैलबंडीचं आणि रस्त्यावरच्या गाड्यांचं लोखंड एकत्र येऊन पडतं. लोखंडानं आधी कोणतं काम केलं हे ओळखता आलं, की पुढे त्याच्याकडून काय होईल ते निम्म्याहून अधिक कळतं. ही ओळख पटवणं मला प्रत्यक्ष घाव घालण्याइतकंच देखणं वाटतं.

बंडीच्या चाकावरची धाव घ्या. बंड्यांना रबरी टायर आले आणि धावा भंगारात आल्या. वाकलेली जाड पट्टी म्हणून तिच्यावरून नजर सहज निघून जाते. पण दीड मीटर व्यासाच्या चाकाची धाव गोवऱ्यांच्या आगीत 500 अंशांनी तापली, की तिचा घेर सुमारे पावणेतीन सेंटीमीटरनं वाढतो. तेवढ्या वाढीच्या आधारानं ती लाकडी चाकावर उतरवायची आणि लगेच पाणी ओतायचं. आकसताना ती आरे, तुंबा आणि बाहेरचा लाकडी घेर यांचे सगळे सांधे आवळून घेते. म्हणजे धाव घडवणाऱ्यानं ती चाकाच्या घेरापेक्षा नेमकी किती आखूड ठेवायची, याचा हिशेब थंड लोखंडावरच मांडलेला असतो. फार आखूड ठेवली तर आऱ्यांवर ताण येईल, सैल ठेवली तर उन्हाळ्यात लाकूड सुकताच निसटेल. जुन्या धावेवरून बोट फिरवत गेलात, तर एका जागी तिरकी, पुसट रेघ लागेल. दोन्ही टोकं तिरपी ठोकून, जवळजवळ पांढऱ्या तापावर एकमेकांवर बसवून केलेला तो जोड. तिथे जाडी वाढलेली नाही, फट नाही, आणि वर्षानुवर्षं खडीवर आपटूनही तो उघडलेला नाही. धावेचं लोखंड मऊ, ते धार धरत नाही. त्याचे आकडे, कड्या, बिजागऱ्या उत्तम होतात. जोडाचा तुकडा मात्र मी कापत नाही. तशी तिरपी मिळवणी आजही क्वचितच कोणाच्या हातून साधते.

धारेसाठी हात जातो तो पाट्याकडे. ट्रक आणि जीपच्या कमानीच्या पाट्यांसाठी वापरलं जाणारं एन-45 हे पोलाद सिलिकॉन आणि मँगनीजचं. त्यात कार्बन साधारण 0.5 ते 0.6 टक्के, सिलिकॉन दीड ते दोन टक्के. वाकायचं आणि पुन्हा सरळ व्हायचं, एवढंच त्याचं आयुष्यभराचं काम. म्हणून त्याचा कोयता किंवा विळा झटका सोसतो आणि धारही धरतो. पण पाटा भंगारात येतो तो बहुधा मोडूनच, आणि खरं वाचन त्या मोडीचं आहे. तुटलेलं तोंड उजेडाकडे धरा. एका बाजूला काळपट, गंजलेला भाग दिसेल, त्यावर एकामागून एक पुसट कमानी उमटलेल्या. उरलेला भाग करड्या, चमकत्या दाण्यांचा. काळा भाग म्हणजे महिनोन् महिने पुढे सरकत आलेली तड. प्रत्येक कमान तिच्या एकेका मुक्कामाची खूण. चमकता भाग म्हणजे शेवटच्या खड्ड्यातला एकच तडाखा. काळा भाग मोठा असेल, तर पाटा तड पोटात घेऊन बराच काळ ओझं वाहत होता आणि त्याच्या शेजारी आणखी तडा असण्याची शक्यता दाट. म्हणून मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा तुकडा घेऊ नये, टोकाकडचा घ्यावा. तो घेतला तरी आधी लाल तापवून हवेत निवू द्यावा. निवताना एखादी रेघ आजूबाजूपेक्षा वेगळ्या रंगानं उठली, तर तिथे तड आहे. मोडलेल्या वस्तूनं आपल्या मोडण्याची हकिगत इतकी स्वच्छ लिहून ठेवावी, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

हे वाचन वहीशिवाय, तोंडपाठ असलेली माणसं म्हणजे घिसाडी. मृगाच्या आधी वखराच्या पासा, कुऱ्हाडी, विळे शेवटून घ्यायची घाई असते, तेव्हा रस्त्याच्या कडेला त्यांची भट्टी दिसली तर थोडं थांबावं. बाई घण घालते, पुरुष सांडशीत लोखंड धरून लहान हातोडीनं टकटक करत असतो. ती टकटक वरवर बिनकामाची वाटते. लक्ष दिलं की कळतं, पुढचा घण कुठे पडायचा आणि किती तिरपा पडायचा, हे ती हातोडी सांगते आहे. हातोडी मोकळ्या ऐरणीवर वाजली की थांबायचं. सगळा संवाद आवाजात चाललेला, एक शब्दही न बोलता. आणि मध्येच त्यानं पाटा आगीतून काढून, रंग पाहून, न ठोकताच पुन्हा आत सारला, तर तो क्षण चुकवू नका. विटकरी लाल रंगावर ठोकलेलं पोलाद आतून फुटतं. नारिंगी रंग येईपर्यंत थांबण्याचा त्याचा संयम ही अस्सल कारागिरी आहे.

लहान वस्तूंत बेअरिंग सर्वांत श्रीमंत. एन-31 पोलाद, कार्बन सुमारे एक टक्का, वर क्रोमियमची भर. बाहेरची कडी कापून सरळ केली की तिची अप्रतिम छिन्नी होते. तापात ती फार हट्टी. पाट्यापेक्षा जास्त घाव मागते आणि घाईनं थंड केली की तडकते. कानशीत कार्बन त्याहूनही अधिक, पण घडवण्याआधी तिचे दात पूर्ण घासून काढावे लागतात. नाहीतर प्रत्येक दात घावाखाली दुमडतो आणि पुढच्या तडीची जागा तयार होते. रोटाव्हेटरची पाती, पंजीचे फाळ हेही उचलावेत. जिनिंगच्या गाठींवरच्या पट्ट्या मात्र नुसतं मऊ पातळ लोखंड. त्या पात्याच्या कामाच्या नाहीत. तापवण्याआधी तुकड्यांची थप्पी बांधून ठेवायला बऱ्या.

शंका असेल तिथे ग्राइंडर. ठिणग्यांची ही परीक्षा संध्याकाळी, मंद उजेडात करावी. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, पिवळसर, सरळ जाणाऱ्या. फुटल्या तर क्वचित. पाट्याच्या ठिणग्यांना वाटेत फाटे फुटतात. कानशीच्या ठिणग्या चाकापासून निघताच झुडपासारख्या फुलतात, कारण त्यातला कार्बन हवेत जळून प्रत्येक कणाला फोडत असतो. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर. शेजारी ओळखीची कानस आणि ओळखीची सळई ठेवून तिन्हींच्या ठिणग्या पाळीपाळीनं पाहिल्या, की डोळा तयार होतो. सळईकडे पाहतानाही एक गंमत हेरावी. आजची टीएमटी सळई बाहेरून कडक आणि आतून मऊ असते, कारण कारखान्यात तिच्या तापलेल्या अंगावर पाण्याचा मारा करून फक्त साल कडक केलेली असते. भट्टीत गेली की ती साल विरघळल्यासारखी नाहीशी होते. सांडशीच्या लांब मुठींना मात्र हीच सळई छान.

ऐरणीचा प्रश्न सर्वांत मोठा, आणि दारव्ह्यात त्याचा विचार रुळापाशी जाणं अटळ आहे. दारव्हा मोतीबाग हे स्टेशन यवतमाळ–मूर्तिजापूर या 113 किलोमीटरच्या नॅरोगेज मार्गावरचं, म्हणजे आपल्या शकुंतला रेल्वेचं. किलिक निक्सन या कंपनीनं 1910 मध्ये उभ्या केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा हा मार्ग, वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी टाकलेला. मँचेस्टरला 1921 साली बांधलेलं वाफेचं इंजिन इथे 1994 च्या एप्रिलपर्यंत गाडी ओढत होतं. त्या रुळांना हात लावायचा नाही. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणं 1966 च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी त्या वाटेवरचा एक खिळासुद्धा काढवला नसता. ऐरणीसाठी हवा तो लिलावातून रीतसर सुटलेला, पावती असलेला हातभर तुकडा. तो कुठल्याही मार्गाचा चालेल.

तो मिळाला की आधी त्याच्या मानेवर, म्हणजे डोकं आणि पाया यांच्या मधल्या उभ्या भागावर पाहा. रूळ लाटतानाच कारखान्याची खूण, साल आणि वजनाचा प्रकार उठावदार अक्षरांत उमटवलेला असतो. गंज पुसला की वाचता येतो. मग डोक्याची आतली कड चाचपा. ती एका बाजूनं झिजलेली असेल, तर तो रूळ वळणावर, बाहेरच्या बाजूला टाकलेला होता. चाकाची कड तिथेच घासत जाते. असा तुकडा ऐरणीसाठी मला अधिक आवडतो, कारण झिजलेली गोलाई वाकवण्याच्या कामाला आयती मिळते.

बहुतेक नवशिके रूळ आडवा मांडतात, कारण आडवा रूळ ऐरणीसारखा दिसतो. पण घाव पडताच त्याची बारीक मान थरथरते आणि घावातला जोर त्या थरथरीत निघून जातो. तोच तुकडा बाभळीच्या ओंडक्यात उभा गाडला, की घावाच्या थेट खाली हातभर उंचीचं पोलाद येतं. वर तोंड दिसतं दोन-तीन बोटांचं, पण आपल्याकडच्या जुन्या लोहारांची ओंडक्यात रोवलेली चौकोनी ऐरणही तोंडानं लहानच असते. हातोड्याचा घाव एका वेळी त्याहून मोठ्या जागेवर पडतच नाही. ऐरण पारखायला मोडक्या बेअरिंगमधली गोळी पुरते. ती वीतभर उंचीवरून सोडावी. कडक तोंडावरून गोळी पाऊण उंचीपर्यंत उसळते, मऊ तोंडावर थोडीशी उडी मारून बसून राहते. ती जेवढी उसळते, तेवढी मदत ऐरण प्रत्येक घावाला परत करणार.

भट्टीला ट्रकचा ब्रेक ड्रम. तो बिडाचा, ठोकायला निरुपयोगी, पण कोळशाचा ताप वर्षानुवर्षं सोसतो, आणि मधल्या भोकातून खालून वारा द्यायची सोय जन्मतःच असते. कोळसा बाभळीचा बरा. वणीकडच्या खाणींचा दगडी कोळसा जिल्ह्यातच आहे, पण धूर आणि गंधक पाहता घरामागच्या भट्टीला लाकडी कोळसाच मानवतो. वाऱ्यासाठी विदर्भात हात आपोआप जुन्या कूलरकडे जातो. त्याचा पंखा वारा पुष्कळ देतो, पण त्या वाऱ्याला कोळशाच्या थरातून घुसण्याचा जोर नसतो. बंद डब्यात फिरणारा ब्लोअर किंवा लोहाराचा हातानं फिरवायचा पंखाच हवा. कूलरचा पत्रा तर आगीजवळही नको. त्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त 907 अंशांवर उकळतं आणि त्याचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. मोटरसायकलचे बंद शॉकॲब्सॉर्बर न कापता तापवणं त्याहून घातक, ते फुटतात. ढिगातून काय उचलायचं नाही, हेही या पारखीत येतं.

हातोड्याचं डोकं भंगारात मिळतं, दांडा मिळत नाही. डोक्याचं भोक डोळ्यापाशी धरून आरपार पाहा: चांगल्या हातोड्याचं भोक मध्ये अरुंद आणि दोन्ही तोंडांना किंचित रुंद असतं. खालून दांडा घट्ट सरकतो, वरून पाचर मारली की लाकूड फुगून दुसऱ्या रुंदीत बसतं, आणि मग डोकं वरही जात नाही, खालीही येत नाही. लोखंड आणि लाकूड यांची गाठ कशी मारायची, हा आपल्या भागातला फार जुना विषय आहे. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या महापाषाणीय दफनांत लोखंडी कुऱ्हाडी सापडल्या. पातं दांड्याशी आवळून धरणाऱ्या आडव्या पट्ट्या त्यांच्यावर तशाच आहेत. नागपूर जिल्ह्यातल्याच नायकुंडला शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या 1978 ते 80 च्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टीही मिळाली. वापरातलं लोखंड पुन्हा पुन्हा आगीत जाऊन रूप बदलतं. मृतांसोबत पुरलं म्हणून माहुरझरीचं लोखंड मूळ घडणीत हाती आलं. दांड्यासाठी धावड्याचं लाकूड घ्यावं, रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड जाणारी. माहुरझरीच्या कारागिरालाही ती पारख नक्कीच असणार.

आता ढिगातल्या त्या अंदाजाचा निकाल. पाट्याचा तुकडा घडवून झाला, की त्याला एकसारखा ताप द्यायचा आणि वेळोवेळी चुंबक टेकवून पाहायचं. 770 अंशांच्या आसपास चुंबक धरेनासा होतो. त्यापुढे रंग थोडाच चढू द्यायचा आणि पातं कोमट तेलात उभं बुडवायचं. सोयाबीनचं किंवा शेंगदाण्याचं खाण्याचं तेल चालतं. इंजिनचं जळकं तेल विषारी धूर करतं. निवल्यावर धारेवरून जुनी कानस हलक्या हातानं ओढायची. कानस रुतली, तर तुकडा आकड्यांच्या आणि कड्यांच्या ढिगात जाईल. ती काचेवरून घसरावी तशी घसरली आणि वेगळाच, बारीक आवाज आला, तर ढिगात केलेलं वाचन बरोबर निघालं. मग पात्याचं एक अंग घासून उजळ करायचं आणि पाठीकडून मंद ताप द्यायचा. पिवळा रंग सरकत धारेपर्यंत येईल, त्याच्या मागून तपकिरी, मग जांभळा, मग निळा. विळ्याला तपकिरी धारेवर पोचताच पुन्हा थंड करायचं, आणि मागचा निळा पाठीत तसाच राहू द्यायचा, म्हणजे धार कडक राहील आणि पाठ लवचीक.