टप्प्यांचे रॉकेट आणि स्टाइन यांचे हस्तपुस्तक

वर्गात रॉकेटचा विषय निघाला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो : एका रॉकेटच्या डोक्यावर दुसरे बसवले तर ते दुप्पट उंच जाईल का? पाठ्यपुस्तकांत याचे उत्तर एका वाक्यात मिळते. रिकामा झालेला भाग टाकून दिला की वजन कमी होते. उत्तर बरोबर आहे, पण त्याने प्रश्न मिटतो, सुटत नाही. तो हाताने सोडवायचा असेल तर जी. हॅरी स्टाइन यांच्या 'हँडबुक ऑफ मॉडेल रॉकेट्री' या पुस्तकातील बहुटप्पी रॉकेटांवरचे प्रकरण वाचावे, असे आम्ही सुचवू.

हे पुस्तक १९६५ मध्ये प्रथम निघाले. स्टाइन १९९७ मध्ये वारले. सातवी आवृत्ती २००४ मध्ये निघाली, तिच्यावर त्यांचे पुत्र बिल स्टाइन यांचेही नाव आहे. स्टाइन मूळचे न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स या प्रक्षेपण केंद्रावरचे. १९५७ च्या आरंभी त्यांनी एका लोकप्रिय मासिकात घरगुती रॉकेटांच्या धोक्याविषयी लिहिले. ते वाचून नेब्रास्कातील ऑरव्हिल कार्लाइल या जोड्यांच्या दुकानदाराने त्यांना पत्र पाठवले. कार्लाइल आणि त्यांचे बंधू रॉबर्ट यांनी १९५४ मध्येच कागदी नळीचे, बदलता येणाऱ्या मोटारीचे आणि हवाईछत्रीने खाली उतरणारे छोटे रॉकेट तयार केले होते. पुढे व्हर्न एस्टिस यांनी अशा मोटारी भरणारे यंत्र बनवले आणि मुलांना त्या दुकानात मिळू लागल्या.

या छंदाचा सगळा पाया एका बंधनावर आहे : इंधन आपण कालवायचे नाही. स्टाइन ते कडकपणे पाळतात. धातूची नळी नको, ठिणगी विजेच्या तारेने आणि दूर उभे राहूनच द्यायची. काही वाचकांना यात मजा हरवल्यासारखे वाटेल. होमर हिकम यांचे 'रॉकेट बॉइज' (१९९८) ज्यांनी वाचले आहे, किंवा त्यावरचा 'ऑक्टोबर स्काय' (१९९९) हा चित्रपट पाहिला आहे, त्यांना तर नक्कीच. कोलवुड या खाणगावातली ती पोरे जस्ताची पूड आणि गंधक कालवतात, पोलादी नळ्या भरतात; त्यांचे पहिलेच रॉकेट आईच्या गुलाबांचे कुंपण उडवून देते. वाचनीयतेत स्टाइन हिकम यांच्या पासंगालाही पुरणार नाहीत. पण आठवणींचे पुस्तक त्या खेळातून सुखरूप बाहेर पडलेला माणूसच लिहितो, हे ते पुस्तक मुलांच्या हाती देताना शिक्षकांनी विसरू नये.

आता टप्प्यांविषयी. खालच्या टप्प्याच्या मोटारीला विलंब-मसाला नसतो, छत्री बाहेर फेकणारा मसालाही नसतो. 'सी६-०' या खुणेतले शून्य तेच सांगते. 'सी' म्हणजे एकूण आवेग जास्तीत जास्त १० न्यूटन-सेकंद, ६ म्हणजे सरासरी रेटा ६ न्यूटन. इंधन जळत जळत पुढच्या टोकापाशी आले की उरलेला पातळ थर आतल्या दाबाने फुटतो आणि तप्त वायू व जळते कण वरच्या मोटारीच्या तोंडात शिरतात. दोन्ही मोटारी साध्या चिकटपट्टीने जोडलेल्या असतात. ही पट्टी नसेल तर वायूच्या धक्क्याने वरचा टप्पा पेट घेण्याआधीच सुटतो आणि बंदच राहतो. दोन बोटे चिकटपट्टीवर सारे उड्डाण अवलंबून असते! अशा ठिकाणी स्टाइन यांचे पुस्तक खरे उपयोगी पडते.

या प्रकरणासोबत फळ्यावर एक गणित जरूर मांडावे. समजा, वरचा टप्पा ५० ग्रॅमचा, खालचा ३० ग्रॅमचा, प्रत्येकात इंधन ११ ग्रॅम आणि वायू सुमारे ८०० मीटर प्रति सेकंद वेगाने बाहेर पडतात. हवेचा विरोध व गुरुत्व तूर्त बाजूला ठेवू. त्सिओल्कोवस्कींच्या सूत्राने वरचा टप्पा एकटा सोडल्यास सुमारे १९९ मीटर प्रति सेकंद वेग मिळवतो. दोन्ही टप्पे मिळून ११८ अधिक १९९, म्हणजे ३१७. खालची रिकामी नळी टाकलीच नाही तर मात्र २५७. केवळ १९ ग्रॅम ओझे टाकल्याने ६० मीटर प्रति सेकंदांचा फायदा! पण त्याच वेळी दुसऱ्या मोटारीने १९९ ची दुप्पट झाली नाही, हेही दिसते. शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने प्रत्यक्ष आकडे याहून खाली येतात. मुलाच्या मूळ प्रश्नाचे उत्तर एवढ्या तीन ओळींत मिळते.

स्थैर्याचा भाग अधिक अवघड आहे. शेपटीला जादा मोटार आली की गुरुत्वमध्य मागे सरकतो, म्हणून खालच्या टप्प्याला मोठे पंख लागतात. आणि तो गळून पडल्यावर वरचा टप्पा एकट्याने स्थिर राहिला पाहिजे. तेव्हा चाचणी दोनदा : गुरुत्वमध्यापाशी दोरा बांधून रॉकेट डोक्याभोवती गरगर फिरवायचे, नाक पुढे राहते का पाहायचे, आधी अख्खे रॉकेट, मग वरचा टप्पा. दाबकेंद्र गणिताने काढायची जेम्स बॅरोमन यांची पद्धत १९६६ सालची; तीही पुस्तकात आहे.

दुसऱ्या टप्प्याचा धोका मुलांच्या लक्षात येत नाही. स्थिर रॉकेट वाऱ्याकडे वळते. पहिल्या टप्प्यात ते कलले, तर दुसरी मोटार त्याच तिरक्या दिशेने पेटते आणि रॉकेट वर न जाता गावाकडे जाते. प्रत्येक टप्पा दहापैकी नऊ वेळा यशस्वी होत असेल तर दोन्ही मिळून शंभरात ८१ वेळाच. म्हणूनच एकटप्पी रॉकेटांवर हात बसल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नये.

तक्रारी आहेतच. शेवटच्या आवृत्तीला वीस वर्षे उलटली. टप्पा पेटवण्यापूर्वी रॉकेटचा कल तपासणारी इलेक्ट्रॉनिक साधने आज छांदिष्टांना मिळतात, त्यांसाठी दुसरीकडे पाहावे लागते. मोठी अडचण अशी की पुस्तक कोपऱ्यावरच्या दुकानात मोटार मिळते असे धरून चालते. आपल्या गावांत ती मिळत नाही, आणि ती जागा दिवाळीचा बाण भरून काढू शकत नाही. त्याचा शेवट बहुधा स्फोटात होतो, त्याला स्थैर्य काडीचे असते. एकावर दुसरा चिकटवण्याचा उद्योग कोणी करत असेल तर तो तिथेच थांबवावा.

मग वर्गासाठी उरतात दोरा आणि दोन लांबट फुगे. ताणलेल्या दोऱ्यात दोन नळकांड्या ओवून त्यांना फुगे चिकटवावेत. पुढचा फुगा आधी फुगवून त्याचे तोंड कागदी पेल्याच्या कापलेल्या कड्यातून मागे ओढावे. मग मागचा फुगा त्याच कड्यात असा फुगवावा की त्याच्या दाबाने ते तोंड बंद राहील. मागचा सोडला की दोन्ही धावतात, तो आक्रसताच पुढच्याचे तोंड मोकळे होते. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून उडालेले पहिले रॉकेट, नायके-अपाचे, दोन टप्प्यांचेच होते. त्याची आकृती फळ्यावर काढायची ती या फुग्यांनंतर. कड्याचे माप जमायला चार-पाच पेले वाया जातात, तेवढे जास्तीचे आणून ठेवावेत.