म्हणींतला विरोध

इंग्रजी म्हणी एकमेकींना छेद देतात, हे निरीक्षण आता नवे राहिलेले नाही. उडी घेण्यापूर्वी नीट पाहावे, असे एक म्हण बजावते. जो कचरला तो संपला, असे दुसरी. अनेक हातांनी काम हलके होते आणि अनेक आचाऱ्यांनी रस्सा बिघडतो. अशा जोड्या वर्गात गमतीने सांगितल्या जातात आणि लोकोक्तींचे शहाणपण दोन्ही बाजूंनी बोलते, म्हणून ते निरुपयोगी, असा निष्कर्षही सहज काढला जातो. मराठीतही हा खेळ अवघड नाही. 'व्यक्ती तितक्या प्रकृती' म्हणणारी भाषाच 'घरोघरी मातीच्या चुली' म्हणते. 'खाण तशी माती' याला 'सूर्यापोटी शनैश्चर' हे उत्तर तयार असते. मात्र हा विरोध म्हणींमधला की त्या एका पानावर मांडण्याच्या रीतीतला, हे तपासले पाहिजे.

मोल्सवर्थच्या कोशात (1831, दुसरी आवृत्ती 1857) म्हणी शब्दांच्या आश्रयाने आल्या. आल्फ्रेड मॅनवेरिंग यांनी 1899 मध्ये ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केलेल्या संग्रहात त्या विषयवार लावून इंग्रजीत उलगडल्या. पुढे दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा'ने त्यांना कोशाची शिस्त दिली. या परिश्रमांचे ऋण मोठे आहे. परंतु संग्रहात येताना म्हण बोलणाऱ्याच्या तोंडातून सुटते आणि एका ओळीचा अर्थ तिच्या शेजारी येऊन बसतो. विरोध दिसतो तो बहुधा अशा दोन अर्थांमध्ये.

'शितावरून भाताची परीक्षा' आणि 'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही जोडी घ्यावी. पहिलीचा अर्थ 'थोड्यावरून सगळ्याची पारख होते' असा केला, की ती दुसरीशी भांडू लागते. पण भाताचे भांडे डोळ्यांपुढे आणले तर काय दिसते? सर्व शिते एकाच तांदळाची, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली. म्हणूनच एक शीत दाबून पाहणे पुरते. पारख कोठे चालेल याची अट त्या प्रतिमेतच आहे. संस्कृत शास्त्रचर्चेत हाच दृष्टान्त स्थालीपुलाकन्याय म्हणून येतो. वादातील एक पायरी ओलांडण्यासाठी तो योजायचा असतो, जगाविषयीचा सिद्धान्त म्हणून नव्हे. बाजारातली माणसे एका भांड्यात शिजलेली नसतात, आणि दुसरी म्हण त्यांच्याविषयी बोलते.

स्वभाव पालटतो का, या प्रश्नावरही मराठीत दोन मते आढळतात. 'कडू कारले, तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच' हे स्वयंपाकघरातले मत. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' हे गोठ्यातले. दुसरीतला 'वाण नाही' हा तुकडा पुष्कळदा गाळून ती सांगितली जाते, हे दुर्दैव. कारण त्याच तुकड्यात तिने पहिलीचे म्हणणे मान्य केलेले आहे. रंग जन्माचा, वळण संगतीचे, इतका सूक्ष्म भेद चार शब्दांत झाला आहे. हा पेच मराठीपुरता नाही. चंदीगडजवळ, हरियाणाच्या सीमेलगत वसलेल्या डेराबस्सीसारख्या गावी पंजाबी आणि हिंदी शेजारी नांदतात. पंजाबी म्हण सांगते, की जडलेल्या सवयी शिराबरोबरच जातात. आणि खरबुजाला पाहून खरबूज रंग धरते, असेही पंजाबीतच म्हटले जाते. हिंदीत ते रंग 'बदलते'. एका क्रियापदाच्या फरकाने सूर किती पालटतो!

सुराचा विसर पडला, की याहून मोठी गफलत होते. 'असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी' ही म्हण 'प्रयत्नांती परमेश्वर' हिच्या विरोधात मांडली जाते. छापलेल्या पानावर ती भक्ताची श्रद्धा वाटते. बोलण्यात ती आळशाला मारलेला टोमणा असते. दोघी एकाच बाजूच्या आहेत.

सर्वच विरोध असे विरघळत नाहीत. 'पाचामुखी परमेश्वर' आणि 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' यांचा मेळ कोणत्याही प्रतिमेने बसत नाही. प्रत्येक म्हण आपापल्या प्रसंगी खरी, असे येथे म्हणून भागवले जाते. पण प्रसंग कोणता, हे ठरवणार कोण? पहिली म्हण पाचांत बसणाऱ्यांच्या सोयीची. दुसरी उच्चारायला स्वतःचे म्हणावे असे काही गाठीशी लागते. सासरी नांदणाऱ्या सुनेच्या मुखी ती शोभत नसे. तिच्या वाट्याला 'लेकी बोले सुने लागे' या म्हणीतले ऐकून घेणे येई. भाषेच्या भांडारात दोन्ही म्हणी होत्या, घरातल्या प्रत्येकाजवळ नव्हत्या. लोकोक्तींना सरसकट 'समाजाचे संचित' म्हणणाऱ्या समीक्षेने ही वाटणी पाहिलेली नाही.

सुनेचे उत्तर शोधायचे तर जात्याकडे वळावे लागते. हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून अधिक संख्येने जमल्या. तेथे ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव यांचीही नोंद ठेवलेली आहे. म्हणीला कर्ता नसतो, हे खरे. तरी ती कोणी, कोणाला, कशावरून म्हटली, एवढे तरी टिपता आले असते.